चाळीसच्या आत

कुठलीही वस्तू हातात आली की अण्णा ती अंगठा आणि तर्जनीत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करायचे. "भेसळ हाय." सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करण्यात जन्म गेलेला माणूस, त्यानं हळद चोळून बघणं समजू शकतं. पण अण्णा चहापावडर चोळायचे, पेपराचा कागद चोळायचे. माझ्या लग्नात त्यांनी शेरवानीचा कोपरा चोळला आणि सासऱ्यांसमोर निकाल देऊन मोकळे झाले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यापुढे आपण काही न करताच ओशाळतो. मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात बारदान, म्हणजे रिकामी पोती, विकतो. म्हणजे मी रोज ओशाळायचो.

त्यांची एक जुनी मोटार होती. गोल दिव्यांची, गादीसारख्या सलग सीटची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी ती मला दिली. मी हौशी आणि अर्धवट. हे दोन गुण एका माणसात असू नयेत. हायवेला गाडी हलकी पळावी म्हणून मी मागच्या आसातली दातेरी चाकं काढली आणि एका नव्या गाडीची बसवली. गाडी पळायला लागली. वेगाचा काटा मात्र जुन्याच चालीनं चालत राहिला. गाडी पन्नासनं धावली तरी तो चाळीसच दाखवायचा. मला पत्ताच नाही! उलट मी यार्डभर सांगत सुटलो, चाळीसनं चालवतो तरी कराड कसं झटक्यात येतं बघा.

अण्णा एकदा शेजारी बसले. पळणारी झाडं बघितली, काटा बघितला आणि उपरण्यानं नाक झाकलं. "दुसऱ्याची आतडी घातलीस व्हय रं हिच्या पोटात? शी! खोटं बोलाया शिकीवलंस तिला."

मी ते हसण्यावारी नेलं. पुढं काकी, म्हणजे अण्णांची मंडळी, साताऱ्याला बहिणीकडे गेल्या असताना न्हाणीघरात पडल्या. मणक्याचं ऑपरेशन तिथंच झालं. घरी न्यायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाडी चाळीसच्या आत ठेवा. दणका बसला तर सगळं पहिल्यापासून. अण्णांनी अँब्युलन्समध्ये डोकावून वास घेतला आणि तसेच माघारी फिरले. थेट माझ्याकडे आले.

"तिला आपल्याच सीटवर आडवी आणायची. पर आदी तुजा काटा खरा कर."

"काटा कशाला? मोबाईल आहे की. उपग्रहावरून वेग सांगतो," मी ऐटीत म्हणालो. गाडी चहाच्या टपरीपुढं उभी होती आणि मोबाईलवर तीनचा आकडा नाचत होता.

"उभ्या गाडीला पळवतुया त्यो," अण्णा म्हणाले. "ह्याच्या भरवशावर बायकू आणू?"

मग मी आणखी हुशारी केली. आष्टा रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांमधलं अंतर घड्याळ लावून तोडलं आणि जाहीर केलं, काटा जवळजवळ बरोबर आहे. विजयाचा चहा घ्यायला तिथल्याच टपरीपुढच्या दुसऱ्या दगडावर टेकलो. अण्णा उभेच. पिचकाऱ्यांनी आकड्यापर्यंत रंगलेल्या त्या दगडाकडे बघत होते.

"ह्यो दगुड हितं कसा?"

"आमीच आणला की!" टपरीवाला खुशीत येऊन म्हणाला. "रस्ता रुंद केला तवा उपटून पडलावता मागं. गिऱ्हाइकाला बसाया बरा."

म्हणजे अंतर लांबलेलं, म्हणून वेळ जास्त लागलेला, म्हणून वेग कमी वाटलेला. काकींचा मणका मी या घाणेरड्या दगडाच्या हवाली करणार होतो. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं हळदीत सापडलेल्या खडूच्या भुकटीकडे पाहतात. मलाही माझी किळस आली. चहा ओतून टाकला.

दुसऱ्या दिवशी यार्डातच टेपनं अंतर आखलं. काट्याला फिरवणारी तार तबकडीमागून सोडवली आणि तिच्या टोकाला कागदाची झेंडी चिकटवली. हमालांनी गाडी ढकलायची आणि तेवढ्या अंतरात झेंडी किती वेळा फिरते ते मोजायचं. किती फिरायला हवी ते तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. तारेची नळी वंगणानं काळीकुट्ट झालेली. वास असा, की हमालसुद्धा मागं सरले.

अण्णांनी लांबूनच विचारलं, "ह्यात जनावराची चरबी असती का रं?"

"असू शकते, अण्णा. जुनं वंगण आहे."

हा माणूस पंगतीत कांदा दिसला तरी उठायचा. कुणी हात मिळवला तर घरी जाऊन धुवायचा. आता जातोय, असं समजून मी नळीला हात घातला.

"तू सर. तू मोजशील आन् चुकशील." त्यांनी धोतर खोचलं, तोंड फिरवून एक उमासा दाबला आणि ती नळी उघड्या मुठीत धरली. "ढकला रं!"

झेंडी कमीच फिरत होती. मग मिरजेच्या एका लेथवाल्याकडून, गिअरबॉक्समधलं तारेला फिरवणारं छोटं चाक कमी दातांचं करून आणलं. पुन्हा ढकललं, पुन्हा मोजलं. अण्णांनीच. यावेळी झेंडीनं छापलेला आकडा गाठला.

साताऱ्याहून निघालो. काकी मागं आडव्या, अण्णा माझ्या शेजारी, नजर काट्यावर खिळलेली. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकत होते. एकानं वाकून विचारलं, "आवं, ढकलू का?"

"मेल्याच्या तोंडाला वास बघ," अण्णा काट्याशीच बोलले.

उंब्रजच्या पुढं मागून आवाज आला. "आवं, जरा जोरात घ्या म्हणावं. बरी हाय मी."

"न्हाई."

"मग जरा वळून तरी बघा माज्याकडं."

"आत्ता न्हाई."

सांगली येईपर्यंत वळले नाहीत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. काकी आता काठीशिवाय मंदिरात चालत जातात. उन्हाच्या दिसल्या की मी गाडी थांबवतो, दार उघडतो. त्या आत नुसतं बघतात आणि मान हलवतात.

"नगं बाबा. ह्यात बसलं की त्यांची मान दिसती नुसती."