टिनावरच्या पऱ्हाट्या

बोलता बोलता तो मधेच हात वर करायचा. तोंडातली सुपारी थांबायची, मान गोठ्याकडे वळायची. मग हात खाली. "ओरडून राह्यल्या. ठीक हाय." आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे.

तुमच्याही गावात असेल असा एखादा, ज्याला माणसांपेक्षा जनावरांचं जास्त ऐकू येतं. आमच्या भीमपूरकडच्या गावात तो दहा-बारा घरांच्या बकऱ्या चारायचा. उन्हाळ्यात उजाडायच्या आत कळप घेऊन निघायचा आणि नऊला परत. पुन्हा ऊन उतरल्यावर. लोक टोमणे मारत. मीही मारत असे.

"काऊन भाऊ, नऊलेच घरी? सायबाची ड्युटी हाय काय?"

"वैनी, बकरीले आपल्यावानी घाम नाई. ते धापून निवते. ऊन लई झालं का गप होते. गप झाली का समजा गेली."

दुपारभर तो आमच्या कडुलिंबाखाली असे. पाण्याचं घमेलं सावलीत ठेवी. सावली सरकली की घमेलंही सरके. मधूनमधून माझ्या गोठ्यात शिरून एकेकीच्या बरगडीवर तळहात ठेवी आणि श्वास मोजी. सुरुवात काळ्या बकरीपासून, काळीपासून. "काळीले आंदी पाहात जा. ऊनबी तिलेच आंदी पाह्यते."

मुलानं गोठ्यावर टिन टाकलं तेव्हा मी गावभर सांगत फिरले. दरवर्षी छप्पर शाकारायची कटकट गेली. हा भर दुपारी आत जाऊन उभा राहिला आणि बाहेर आला.

"वैनी, हा गोठा नाई. तवा हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याच शेतातल्या पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, आणून टिनावर जाड थर रचला.

"दिसते कसं ते!" मी म्हणाले.

"बकऱ्या आतून पाह्यतेत."

यंदा त्याचे गुडघे गेले. लेक त्याला बेल्लमपल्लीला, खाणीच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेली. निघताना एवढंच म्हणाला, "पऱ्हाट्या चुलीत घालू नोका."

कुरडयांचा चीक शिजवायला जळण कमी पडलं. मी टिनावरून एक भारा ओढला. दुसऱ्या दिवशी दुसरा. अर्धं टिन उघडं पडल्यावर उरलेलं ओढायला काहीच वाटलं नाही.

रोज दुपारी त्याचा फोन येई. "ओरडून राह्यल्या का?" मी फोन गोठ्याकडे धरी. त्याचं समाधान होई. पऱ्हाट्यांचं मी बोलले नाही.

त्या दिवशी मी बाजेवर कुरडया घालत होते. फोन आला. नेहमीसारखा गोठ्याकडे धरला. टिन तापून तडतडत होतं. दुसरा आवाज नव्हता. मला ते कळलंही नाही.

"वैनी," तो म्हणाला, "धावा."

फोन बाजेवर टाकला. गोठ्याचं दार उघडलं तर तोंडावर चुलीसारखी झळ आली. तिघी जिभा काढून उभ्या होत्या. त्यांना ओढत कडुलिंबाखाली नेलं, पायांवर, पोटावर पाणी ओतलं. काळीकडे मी शेवटी गेले. गाभण होती. कोपऱ्यात आडवी पडली होती. बरगडीवर तळहात ठेवला. मोजायला काही नव्हतं.

बाहेर आले. बाजेवर, ओल्या कुरडयांमध्ये, फोन चालूच होता.

"वैनी? काळी ओरडून राह्यली का? वैनी?"