टोपलीची दोरी

"शुक्रवारी हा कुत्रा दमनहूरला काकांच्या बागेत जाणार म्हणजे जाणार!" शौकीने खरचटलेलं कोपर आई तफीदाच्या नाकासमोर धरलं. "जिन्यातून फरफटत नेलं यानं मला. खालच्या मजल्यावरची उम्म फारिस मासळीचा ट्रे भट्टीवर भाजायला घेऊन चालली होती. सगळा पायऱ्यांवर सांडला!"

"माशांची डोकी तेवढी सोडली यानं," सून मेर्वत म्हणाली. "मानी आहे."

तफीदाने हसू दाबलं. फिल्फिल दाराशी अंग चोरून बसला होता. तिच्या नवऱ्याने त्याला गच्चीवर, कबुतरांच्या राखणीला वाढवलं. नवरा गेला, कबुतरं विकली, कुत्रा खाली घरात आला. नवऱ्याच्या हातचं आता एवढंच उरलं होतं.

"तू ओढतोस म्हणून तो ओढतो," ती म्हणाली.

"मग तूच ने की, यम्मा! बाबांच्या मयतीपासून उंबरा तरी ओलांडलास का?"

ते खरंच होतं. अलेक्झांड्रियाचा रस्ता ती आता सज्ज्यातूनच बघायची. दोरीने टोपली खाली सोडायची. गाडीवाला सालेह पैसे काढून घेई, शिजलेला घेवडा, भाकरी, अंडी आत ठेवी. उभ्या जन्मात तिच्या टोपलीतलं अंडं फुटलं नव्हतं. टोपली हेलकावायला लागली की ओढायचं नाही. हात थांबवायचा. ती स्थिरावली की मग वर.

दुसऱ्या दिवशी शौकी कामावर गेल्यावर तिने फिल्फिलच्या गळ्यात पट्टा अडकवला, त्याची दोरी धरली आणि घरातल्याच बोळात उभी राहिली. त्याने हिसका दिला. ती हलली नाही, बोललीही नाही. बऱ्याच वेळाने त्याने वळून पाहिलं, दोरी सैल पडली. तिने एक पाऊल टाकलं. परत हिसका, परत थांबणं. आधी बोळ झाला, मग दाराबाहेरची फरशी, मग एकेक पायरी.

"टोपलीतच घाला त्याला, लवकर उतरेल," मेर्वत म्हणाली. पण नवऱ्याजवळ काही बोलली नाही.

गुरुवारी दोघं उम्म फारिसच्या दारापर्यंत पोचली. आत मासे तळत होते. फिल्फिलचं नाक वर गेलं, दोरी ताणली. तफीदा जिन्याचा कठडा धरून थांबली. कुत्र्याने दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तिच्या पायाशी आला.

मग खालचं दार तेवढं उरलं होतं. तेही ओलांडून दोघं रस्त्यावर आली.

सालेह गाडीशी मान वर करून टोपलीची वाट बघत होता.

"कुणाला शोधतोस?"

"अहो हज्जा!" त्याच्या हातातला डाव घेवड्यात पडला. "मी वर बघतोय, आणि तुम्ही इथे!"

वर आली तेव्हा शौकी फोन हातात घेऊन बसला होता. तिने भाकरी टेबलावर ठेवली, सज्ज्यात गेली आणि कठड्याला बांधलेली टोपलीची दोरी सोडून आणली.

"काकांना कळव, कुत्रा येत नाही. उद्यापासून भाकरी मी आणणार, त्याला घेऊन. मेर्वत, त्या टोपलीत कांदे भर."