थ्रेड-४८२१ काय करतो?

आज ऑफिसात मी सोबत काम करणाऱ्या प्राजक्तावर फार जळले.

राईस मिलच्या वजनकाट्याचा आमचा प्रोग्राम दिवाळीपासून अखंड चालू होता. आज तो अडकला. त्यात एकाच वेळी चालणाऱ्या कामांना थ्रेड म्हणतात. नाव दिलं नाही, तर मशीनच पुढचा नंबर लावते.

सरांनी यादी उघडली. प्राजक्ताचे थ्रेड 'वजन-वाचन', 'पावती-छपाई'. माझा थ्रेड-४८२१.

"हा काय करते?" सरांनी विचारलं. मी कोड उघडून शोधायला लागले. माझी चूक सापडेपर्यंत मिलवर धानाचे ट्रॅक्टर ताटकळले.

"थ्रेडले नाव द्याचं असते, हे मले काहून नाही सांगितलं?" मी प्राजक्ताला विचारलं.

"तू इचारलंच कुठं, बाई?"

तिचे वडील इंजिनिअर. माझ्या घरी पहिली पदवीधर मीच. विचारायला कोणी नव्हतं, म्हणून न विचारायची सवयच लागली.

उद्या तिलाच विचारणार आहे. जळणं मात्र थांबलेलं नाही. तुमचं थांबतं का?