पूजेत न बसलेलं मशीन

लहानूबाबांनी चामडं छिलायचं मशीन घेतलं ते माझ्या घोट्यापायी, असं त्यांची बायको भागूमावशी अजून म्हणते. मला ते पटत नाही. पण मावशीशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं वाळला. त्या पायाला घोट्यापर्यंत येणारा, उंच टाचेचा बूट लागतो, आणि तसा बूट नाशकात शालीमार चौकाच्या मागच्या बोळात बसणारे लहानूबाबाच करत. शाळेत जायला लागले तेव्हापासून माझे सगळे बूट त्यांच्या हातचे. या बुटाची सगळी मेख कडेत असते. घोट्यापाशी चामडं दुमडून शिवतात, त्याआधी तिथली कड तासून पातळ करावी लागते. जाड राहिली की दिवसभर घासते. बाबा तुकडा शेजारच्या दगडी कुंडीतल्या पाण्यात बुडवायचे, पाटावर घ्यायचे आणि रापी चालवायचे. रापी म्हणजे रुंद पात्याची चपटी सुरी. ती त्यांच्या हातात असली की मी घरी जायचं विसरून बघत बसायचे.

सत्त्याण्णव साली त्यांचा बूट मला पहिल्यांदा लागला. मी तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते, दिवसभर उभं राहायचं. आठवडाभरात घोटा सोलवटून निघाला. मी तणतणत बोळात गेले आणि बूट त्यांच्यापुढे आपटला. बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. तेवढ्यात मला त्यांचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता, आणि ते तो मांडीखाली दाबून धरायला बघत होते. माझी जीभ एरवी कुणाला ऐकत नाही, त्या दिवशी 'नवा करा, घाई नाही' एवढंच बोलली.

त्यांचा मुलगा शेखर अंबडच्या एका कंपनीत होता, सिडकोत राहायचा. पोरगा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एकच, "आबा, बस झालं आता. घरी चला, नातवंडं खेळवा." बाबांना नातवंडं आवडायची, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाही. शेवटी बापलेकात ठरलं. सातपूरला बॅगांचा एक कारखाना बंद पडला होता, तिथलं कडा छिलायचं जुनं मशीन शेखर आणून देणार. चाललं तर दुकान चालू. नाही चाललं तर दसऱ्याला कुलूप. बाबा "बरं" म्हणाले. दुकान गेलं तर हा माणूस वर्षभरही टिकायचा नाही, हे मावशीला कळत होतं आणि मलाही.

मशीन आलं. खाली टेबल आणि मोटर, वर घंटेच्या आकाराचं आडवं पोकळ पातं, गरगर फिरणारं. पात्याच्या पोटात एक खरबरीत रूळ, तो चामडं आत ओढतो. वरून एक पट्टी ते दाबून धरते. पट्टी आणि पातं यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढी फट ठेवायची. चामड्याची कड त्यातून सरकली की खालचा थर सोलून निघाला पाहिजे. हे सगळं मी आज सांगतेय. तेव्हा आम्ही सगळे त्या मशीनभोवती नवी सून आल्यासारखे उभे होतो आणि तिला कुणी काय विचारायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

बसवायला भद्रकालीतला जयराम आला. शिलाई मशीनवाला. असलं मशीन त्यानंही जन्मात पाहिलं नव्हतं, पण कबूल कोण करतो? त्यानं बटण दाबलं तर चामडं आत जायच्या ऐवजी आमच्याच अंगावर यायला लागलं. मोटर उलटी फिरत होती. ती काढून दुसऱ्या तोंडानं बसवली. मग पात्याला धारेसाठी सहाण लावली, ठिणग्या उडाल्या, फट कमी-जास्त केली. खाली पडलेला एक तुकडा उचलून त्यानं आत सारला, आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ वळी बाहेर आली.

"बघा! लोणी!" जयराम म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

बाबांनी बैठक मारली. माझ्या नव्या बुटासाठी कापून ठेवलेला तुकडा घेतला आणि मशीनमध्ये घातला. मशीननं तो चावला. कड कुठे जाड, कुठे भोक, आणि पात्यात लगदा अडकून मोटर घरघरायला लागली.

दुसऱ्या दिवशी जयरामला पुन्हा बोलावलं. त्यानं लगदा काढला, पट्टी ढिली केली, कोपऱ्यातला तुकडा घेतला. लोणी! तो बोळाच्या तोंडाशी पोचतोय तोवर बाबांच्या हातात पुन्हा चिंध्या.

असं किती वेळा झालं ते सांगत नाही, सांगून माझंच डोकं फिरेल. मी रोज झेरॉक्सच्या दुकानातून सुटले की तिथे. मी स्वतः स्क्रू फिरवून पाहिले. सहाण पात्याला आतून लागते की बाहेरून यावर बाबा आणि मी भांडलो, नंतर कळलं दोघांचंही चूक होतं. विजेचा दाब सकाळी जास्त असतो असं मी म्हणाले. मावशीनं लिंबू-मिरची बांधली. बाबांना वाटायला लागलं की मशीन जयरामला ओळखतं.

"त्याच्या हातात चालतं अन् माझ्या हातात खातं. माझा हात थरथरतो हे त्याला कळतंय गं, सायली."

"बाबा, लोखंडाला काय कळतंय?"

"मग मला सांग ना, काय व्हतंय?"

मी पुन्हा एक स्क्रू फिरवला. जयरामही चिडला होता. "मशीनमदी खोट नाय. तुमी घालता कसं ते बघा," असं तो एकदा म्हणाला आणि बाबा ताडकन बोलले, "तुझ्या बापाच्या आधीपास्नं मी चामडं हाताळतोय!" त्यावर जयराम तोंड फिरवून निघून गेला. एकाला विचारावं तर मशीन निर्दोष, दुसऱ्याला विचारावं तर मशीन चांडाळ. आणि खरी गंमत म्हणजे दोघंही डोळ्यांदेखत खरे ठरत होते.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. बाबांनी रापी, आरी, हातोडी, बुटांचे लाकडी फरमे पाटावर मांडले. कुंडी रिकामी करून घासली, तीही पाटावर ठेवली. ती त्यांच्या वडिलांची. त्यांच्याकडे कुंडीतल्या पाण्याला गंगेचा मान. एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्यातलं काहीच कामाला घ्यायचं नाही.

"मशीनला लावू ना?" मावशीनं विचारलं.

"त्याला कशाला? ते कुटं आपलं झालंय?"

दुपारी शेखर आला. येताना कुलूप घेऊन आला होता, पण पिशवीतच ठेवलं, बाहेर काढायचा धीर त्याला झाला नाही. त्यानं वाटेत जयरामलाही गाठून आणलं होतं, शेवटचं बघून घ्या म्हणून. जयराम दारातच हाताची घडी घालून उभा राहिला. मी काऊंटरला टेकून उभी. पायात जुना, टाच झिजलेला बूट.

"आबा, उद्या दसरा," शेखर म्हणाला.

"ठाऊक हाय."

"मग?"

बाबांनी पाटाकडे पाहिलं. सगळी हत्यारं पूजेत. दुकानात काम करायला मोकळं असं एकच होतं, पूजेत न बसलेलं ते मशीन. त्यांनी माझ्या बुटाचा तुकडा घेतला. उजवा हात सवयीनं बाजूला गेला आणि हवेतच थांबला. तिथे कुंडी नव्हती. पाटावरच्या कुंडीत पाणी नव्हतं, आणि असतं तरी त्यात हात कसा घालणार? हात कशासाठी गेला होता ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मग तसाच कोरडा तुकडा त्यांनी पात्याखाली सरकवला.

वळी बाहेर आली. अखंड, पातळ, टोकापर्यंत.

बाबांनी दुसरा तुकडा घातला. पुन्हा तेच. हात थरथरत होता, पण पट्टीनं चामडं घट्ट धरलं होतं, त्यामुळे कड सरळ उतरत होती.

"मी काल फट बदललेली," जयराम पुटपुटला.

"काल तू आलाच नव्हतास," मी म्हणाले.

"मग आज काय वेगळं हाय?" बाबा आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत विचारत होते. चेहऱ्यावर आनंद नव्हताच, नुसता गोंधळ. "काय वेगळं केलं मी? सांगा ना कुनीतरी!"

उत्तर मावशीनं दिलं. ती पाटापाशी बसून फुलं नीट करत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, आज तुमी भिजवलं नाय. कुंडी हितं हाय."

जयरामनं कपाळाला हात लावला. तो दर वेळी खालचे वाळलेले तुकडे उचलत होता. बाबा दर वेळी भिजवलेलं चामडं घालत होते. ओलं चामडं रापीला मऊ पडतं, म्हणून साठ वर्षांच्या सवयीनं हात आधी पाण्यात जायचा आणि मग कामाला. तो कधी गेला हे त्यांना कळायचं नाही आणि इतकी वर्षं समोर बसून मलाही कधी दिसलं नाही. मशीनमध्ये मात्र ओलं चामडं घसरत होतं, फाटत होतं, त्याचा लगदा होत होता.

शेखरनं पिशवीचं तोंड गुंडाळलं. मी हसायला लागले ते मला थांबवेना, आणि हसताहसता डोळे भरून आले.

बाबा हसले नाहीत. ते उठून पाटापाशी गेले. रिकाम्या कुंडीच्या काठावरून त्यांनी नुसता हात फिरवला, आत नाही.

"मशीनला लावू का आता?" मावशीनं कुंकवाचा करंडा उचलला.

"लाव," ते म्हणाले. मग तिच्यासमोर खाली बसले आणि उजवा हात पुढे केला. "पण आधी याला लाव. हे हत्यार राहिलंय."

मावशीनं डाव्या हातानं तो मनगटाशी घट्ट धरला, आणि रापीला लावलं होतं तसंच त्याला हळद-कुंकू लावलं.

नवा बूट मला दिवाळीत मिळाला. घोट्याला कुठेही लागत नव्हता.