भाकरीवरची तीन बोटं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, मग भूक लागते. उभी हयात खाकीत गेली, खुनाचे तपास केले, दरोडेखोर पकडले. पण त्या बाईनं केली तशी माझी फजिती दुसऱ्या कुणी केली नाही.

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा दोन दिवसांवर आली होती. बाजाररस्त्यावरच्या हातगाड्या उठवून तिथं मोटारी लावायला जागा करायची, की रस्त्याच्या एका कडेला पांढरे पट्टे मारून गाडीवाल्यांना हक्काची जागा द्यायची, यावर गाव पेटलं होतं. सदस्य निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मधे उरली एक अपक्ष नगरसेविका. निवडून येण्याआधी ती त्याच रस्त्यावर गाडीवर झुणका-भाकर विकायची. तिच्या एका मतावर सगळ्या गाडीवाल्यांच्या चुली अवलंबून होत्या. आणि नेमकी तीच गायब झाली.

सकाळी तिची सासू ठाण्यात आली. "सून कालपासनं घरी न्हाई. लिहून घ्या."

"फोटो आणलाय का, आजी?"

"फोटो कशाला? तिची पोस्टरं अजून भितीवर हायेत की!"

आम्ही मिसिंग दाखल केली. म्हातारीनं चहा मागितला आणि बशीत ओतून निवांत प्याली. ज्याचं माणूस खरंच हरवलंय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही, हे मला पक्कं माहीत. पण त्या दिवशी डोक्यात एकच होतं: बाई पळवली. मतदानाआधी सदस्यांना सहलीला नेऊन ठेवायची रीत आमच्याकडे जुनीच आहे.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. गाड्या उठवणाऱ्या गटाची जीप भंडारदऱ्याकडे गेली, मागच्या सीटवर हिरव्या साडीतली बाई. मी लगेच पथक पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर माझ्यासमोर उभा होता.

"बाई कुठंय?"

मी टेबलावर हात आपटला. आवाज चढवला. तो नुसताच लाजायला लागला. आरोपी घाबरतो, खोटं बोलतो, रडतो. लाजणारा मी पहिल्यांदाच पाहिला!

"साहेब, मालकाला सांगू नगा," तो म्हणाला. "ती माझी बायकू हाय. ताईंना घ्यायला गेल्तो, ताई घरात न्हवत्याच. तिकडं खोली तर घेतलेली हुती. लग्नाला बारा वर्सं झाली, बायकूला धरण दावलं न्हवतं. म्हनलं, चल."

पथकातला हवालदार मान खाली घालून म्हणाला, "खरंय साहेब. जीपमधली बाई याची बायकोच निघाली."

माझा तपास तिथंच आडवा झाला. जेवायची वेळ झाली होती. ठाण्याच्या भिंतीला लागूनच एका बाईची खानावळ होती. कोठडीतल्यांना आणि मलाही डबा तिथूनच यायचा. म्हटलं, जेव बाबा आणि जा. त्यानं भाकरी हातात घेतली, उलटून पाहिली आणि खो खो हसायला लागला.

"साहेब, ताई घावल्या! ही तेंच्या हातची भाकर हाय, लई वर्सं तेंच्या गाडीवर खाल्लीया. तेंचं मधलं बोट वाकडं, त्ये टेकत न्हाई. बघा, तीनच बोटं उमटल्यात."

मी माझ्या ताटात पाहिलं. तीनच! अरे देवा, दोन दिवस मी पुरावा खात होतो. वर "आज भाकरी झकास झालीय" असा निरोपही धाडला होता.

खानावळीत शिरलो. पत्र्याच्या आडोशाला हरवलेली नगरसेविका चुलीपुढं भाकरी थापत बसली होती. शेजारी सासू.

"या साहेब," म्हातारी म्हणाली, "काखेत कळसा आन् गावाला वळसा!"

मी भडकलोच. "अख्खं ठाणं कामाला लावलंत! हा काय पोरखेळ आहे?"

सून उठली, हात जोडले. "चुकलं साहेब. पन दोन्ही गट ब्याग भरा म्हनत हुते. एक म्हने भंडारदरा, एक म्हने महाबळेश्वर. कुनाच्या बी जीपमंदी बसले असते तर मत माझं ऱ्हायलं नसतं. पोलीस शोधत्यात म्हनल्यावर त्ये शोधायचे थांबले."

"मग सरळ माझ्याकडं यायचं. माझ्यावर भरवसा नव्हता?"

"हुता की. म्हनून तर तुमच्या भितीआड बसले."

राग कुठल्या कुठं गेला. 'सज्ञान महिला, स्वखुशीने गेली होती' असा जबाब घेऊन मिसिंग निकाली काढली आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला बंदोबस्तात सभागृहात पोहोचवलं. हात वर करून मतदान झालं. पट्ट्यांच्या बाजूनं तिचा हात वर गेला, वाकड्या बोटासकट, आणि बाहेर गाडीवाल्यांनी एकच गलका केला. शिस्त विसरून मीही टाळ्या वाजवल्या. आनंदच तसा झाला होता.

त्या प्रकरणानं मला शिकवलं की लांब पथक पाठवण्याआधी आपल्या भिंतीपलीकडं डोकवावं. आणि साध्या माणसाला अडाणी समजू नये.

परवा त्या गावी गेलो होतो. बाईंची मुदत कधीच संपली. त्या पुन्हा आपल्या गाडीवर, पांढऱ्या पट्ट्याच्या आत. मी भाकरी घेतली आणि सवयीनं उलटून पाहिली.

"काय बघताय, साहेब?"

"माणूस जागेवर आहे की पुन्हा हरवलंय, ते बघतो."

त्यांनी पायाखालच्या पट्ट्याकडं बोट केलं, तेच वाकडं. "जाग्यावरच हाय. आता हितनं कुनाच्या बापाला हलवता येनार न्हाई."