मिक्सरमागचा बाप

ज्याला एखादे काम येते त्याची त्या कामातून मरेपर्यंत सुटका करायची नाही, हा आपल्या समाजाचा नियम साता समुद्रांपलीकडेही तितक्याच निष्ठेने पाळला जातो. अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत या नियमाला बळी पडलेल्या गृहस्थांचे नाव गिरीश उजागरे. मूळचे नगरचे, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते, पोटासाठी सॉफ्टवेअर कंपनीत. फार वर्षांपूर्वी एका उपासनेत माईक बंद पडला, गिरीशनी उठून एक वायर घट्ट बसवली आणि तिथेच त्यांचा घात झाला. तेव्हापासून पत्नी सुवर्णा आणि मुलगी चैत्राली पुढच्या बाकावर, आणि गिरीश सर्वांत मागे, माईकचे आवाज कमीजास्त करणाऱ्या मिक्सरच्या टेबलाशी. प्रार्थनेतही त्यांचा एक डोळा लाल दिव्यावर असे.

यंदा चैत्रालीचे दृढीकरण होते. पाळकसाहेब नाव पुकारतात, मूल वेदीपुढे जाऊन ‘विश्वास कबूल आहे का’ या प्रश्नाला उत्तर देते, आणि आईवडील मागे उभे राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, एवढाच विधी. गिरीशना त्या क्षणी तो हात ठेवायचा होता. त्यासाठी त्यांचा हात मिक्सरवरून सुटणे आवश्यक होते.

म्हणून आदल्या शनिवारी ते एकटेच चर्चमध्ये गेले. इमारत अमेरिकन मंडळीची. मराठी उपासनेला दुपारचे काही तास भाड्याने मिळत. उघड्या विटांच्या भिंती, उंच लाकडी छत, एका बाजूला नुसती काच. बोललेला शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत येई आणि पुढच्या शब्दाच्या अंगावर पडे. गिरीशनी स्पीकर भिंतीकडून खाली बाकांकडे वळवले. कढईत फोडणी तडतडत राहावी तसा एकसुरी खरखराट स्पीकरमधून सोडून ते आवाज मोजण्याचा माईक घेऊन बाकाबाकाशी फिरले आणि खोलीत घुमणारे खर्जाचे स्वर एकेक करून कमी केले. मग प्रत्येक माईक जागेवर उभा करून, शिटी वाजेपर्यंत आवाज चढवून, शिटीचा तो स्वर तेवढा कापला. संध्याकाळपर्यंत ती खोली शहाण्या माणसासारखी ऐकू लागली. आता मिक्सरपाशी कुणी बसायची गरज नव्हती. अट एकच होती: माईक हलवायचे नाहीत, म्हणजे भजनही उभ्यानेच म्हणायचे.

ही अट त्यांनी समितीपुढे आधीच मांडली होती. भजनी मंडळीचे प्रमुख नरेंद्रकाका म्हणाले होते, "हो हो, उभ्याने म्हणू. तुझ्या लेकीचा दिवस आहे." आपल्याकडे ‘हो हो’ म्हणणे ही बैठक लवकर संपवण्याची रीत आहे, हे गिरीशसारख्या सुशिक्षित माणसाला कळायला हवे होते.

रविवारी ते कोट घालून पुढच्या बाकावर बसले. नरेंद्रकाका पेटी घेऊन आले आणि त्यांनी थेट स्पीकरच्या पुढ्यात सतरंजी अंथरली.

"काका, तुम्ही उभ्याने म्हणणार होता ना?"

"अरे, पेटी काय गळ्यात बांधू? उभं राहून भजन होतं का कधी? टाळ हातात आला की मांडी आपोआप पडते."

स्टँड खाली आले. माईक सतरंजीवर, स्पीकरकडे तोंड करून. गिरीश अर्धवट उठले तोच सुवर्णाने त्यांची बाही धरली.

"अहो, बसा. आज तिकडे बघायचंच नाही."

ते बसले. भजन कसेबसे पार पडले, पण माईक चालूच राहिले. पाळकसाहेबांनी पुकारले, "चैत्राली गिरीश उजागरे," आणि त्यांचाच आवाज स्पीकरमधून सतरंजीवरच्या माईकांत शिरून कानठळ्या बसवणारी शिटी फुटली. सारी मंडळी वळली. सतरंजीकडे नव्हे, मिक्सरकडेही नव्हे, गिरीशकडे. नरेंद्रकाकांसकट.

चैत्राली वेदीकडे निघाली होती. गिरीश मागे धावले, मिक्सरवरून त्यांनी ते माईक बंद केले, आणि मधल्या वाटेने परत निघाले. निम्म्या वाटेत पुन्हा शिटी. पुढच्या भजनाच्या तयारीत काकांनी भलतीच वायर ओढली होती आणि पाळकसाहेबांचा माईक स्पीकरकडे वळला होता. गिरीश पुन्हा मागे गेले. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिले. चारला कोरियन मंडळी त्यांच्या उपासनेला येणार होती. मिक्सरवरून आवाज साफ होताच त्यांनी प्रश्न विचारला.

चैत्रालीच्या खांद्यावर एकच हात होता. तिचे "होय, कबूल आहे" मागच्या भिंतीपर्यंत कुठेही न फुटता, न घुमता, कानाशी कुणी बोलावे इतके स्वच्छ पोहोचले. शनिवारचे सगळे काम चोख उतरले होते.

उपासनेनंतर काका टेबलापाशी आले. "पोरीचा श्वाससुद्धा ऐकू आला, लेका. बरं झालं तू इथे होतास. पुढच्या रविवारी जरा लवकर ये, पेटीचं बघू."

"काका, आज मला तिथे उभं राहायचं होतं."

"कुठे?" काकांनी खरोखरच विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ते प्रीतिभोजनाच्या रांगेकडे वळले.

गिरीश वायरी गुंडाळत राहिले. थोड्या वेळाने चैत्राली ताट घेऊन आली.

"बाबा, आईने तुमचं जेवण इथेच पाठवलंय."

"मला यायचं होतं गं पुढे."

"इट्स फाइन, बाबा. आय न्यू यू वुड बी हिअर," ती समजूतदारपणे म्हणाली, आणि मिक्सरवर थोडी जागा करून तिने ताट तिथे ठेवले.