डावीकडचा श्वास

पडदा उघडतो तेव्हा समोर तलावाचं निळं पाणी, आणि चौथ्या पट्टीच्या ओट्यावर वाकून उभी असलेली माझी भाची. रबरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. शिट्टी व्हायची आहे. तेवढ्यात तिची ओळख करून देतो.

दम्याला उपाय म्हणून डॉक्टरांनी हिला सातव्या वर्षी पोहायला घालायला सांगितलं, आणि पोरगी पाण्याबाहेर यायचंच विसरली. फ्रीस्टाइलमध्ये सलग दोन वर्षं पहिली. फिरता करंडक घरी होता. तिसऱ्यांदा जिंकली की कायमचा तिचा.

सगळं छान चाललं होतं. मग तिची मावसबहीण पोहायला लागली. मी दोघींचा मामा. ही धाकटी लांब हातांची, वर स्वभावाने गोड. "ताई, मला सूर मारायला शिकव ना," म्हणाली की ताईच्या अंगाचा तिळपापड.

"मामा, तिने टोपीसुद्धा माझ्याच रंगाची घेतली!"

"दुकानात तोच रंग असेल गं."

"तू तिचीच बाजू घे!"

रंगभूमीवर जन्म काढलेल्या मला हे दुखणं नवं नव्हतं. दुसऱ्याला टाळी पडली की मीही माझं वाक्य विसरलेलो आहे.

शर्यत पन्नास मीटरची, एकच फेरी. कोचनी बजावलं होतं, "श्वास दोनदाच. डोकं वळलं की वेग गेला." पण हिला श्वास घ्यायची सवय डावीकडून, आणि डावीकडच्याच पट्टीत मावसबहीण.

शिट्टी झाली. पहिल्या श्वासाला धाकटी अर्धा हात मागे दिसली. हिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुन्हा पाहिलं. मग पाहतच राहिली.

भिंतीला हात लागला तेव्हाही धाकटी मागेच होती. हिने मूठ उंचावली. फलकावर पहिलं नाव मात्र उजवीकडच्या पट्टीतल्या मुलीचं लागलं. तिच्याकडे हिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"अकरा श्वास!" कोच काठावरून ओरडले. "पोहत होतीस की बहिणीवर पाळत ठेवत होतीस?"

पुढच्या वर्षी खांदा दुखावला आणि शर्यती संपल्या. आता ती त्याच तलावावर शिकवते, मुलं तिच्यावर जीव टाकतात. परवा चहा पिताना मी भीतभीतच विचारलं, "हातातला करंडक गेला, अजून लागतं का गं मनाला?"

"गेला तर गेला, मामा. मावशीच्या घरी तर नाही ना गेला!"